गमरेकाकांची परवानगी

दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या दाराबाहेर एक गृहस्थ हातात काळं वाडगं धरून, नजर जमिनीकडे लावून, तोंडातून चकार शब्द न काढता उभे राहतात. बेल वाजवत नाहीत, खाकरत नाहीत. दार उघडलं तर वाडगं पुढे करतात. नाही उघडलं तर थोडा वेळ थांबतात आणि पुढच्या दाराशी जातात. पायात चप्पल नाही, पण अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पँटला पट्टा आणि खिशाला पेन. हे आमचे गमरेकाका. ते भिक्षा मागत नाहीत, हे त्यांनी मला बजावून सांगितलंय. ते सराव करतात.

सोलापूर सोडून आम्ही सानपाड्याच्या या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्याच रविवारी दार उघडलं तर समोर हे. मी घाईघाईने पर्समधून दहाची नोट काढली आणि वाडग्यात टाकली. गृहस्थ जागच्या जागी ताठ झाले. वाडग्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तसेच वळून जिना उतरले. दुपारी बेल वाजली. तेच गृहस्थ, आता चपला घालून, आणि हातात सांडशी. सांडशीच्या टोकात माझी दहाची नोट.

"ताई, सकाळी बोलता येत नव्हतं," ते म्हणाले. "भिक्खूला पैशाला हात लावता येत नाही. म्हणजे मी भिक्खू नाही. पण सरावातसुद्धा नाही लावता येत."

"आणि सांडशी चालते?" मी विचारलं.

काका गंभीर झाले. "सांडशीबद्दल अजून काही घडलेलं माझ्या वाचनात नाही. घडलं की नियम होईल."

या माणसाशी आपलं जमणार, हे मला तिथेच कळलं.

गमरेकाका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. उशिरा येणाऱ्यांच्या सबबी ऐकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. घर बौद्ध, गाव कोकणात, खेडच्या पार आत. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी विचारलं की म्हणतात, "राहून गेलं," जणू दळण आणायचं राहून गेलं. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची आई, दोघंच. रिटायर झाल्यावर इतर लोक गुडघ्याला तेल लावतात, नातवंडांच्या मागे धावतात. काकांनी भिक्खूंचे नियम वाचायला घेतले. कुणाला धम्म ध्यानातून कळतो, कुणाला करुणेतून. टाइम ऑफिसातल्या माणसाला तो नियमांतून कळला, यात नवल काही नाही.

"ताई, सुरुवातीला एकही नियम नव्हता!" हे ते एखादं गुपित फोडावं तसं सांगतात. "नुसती घर सोडलेली चार माणसं. झाडाखाली बसायचं, मिळेल ते खायचं, पुढच्या गावाला निघायचं. कुणीतरी तथागतांना म्हणालं, नियम करून टाका. तथागत म्हणाले, थांबा. आधी काहीतरी घडू दे."

"मग?"

"मग घडायला लागलं ना! माणसं वाढली की घडतंच. टाइम ऑफिसला विचारा."

प्रत्येक नियमामागे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, ही काकांची सगळ्यात लाडकी गोष्ट. एका भिक्खूने काहीतरी उचापत केली, लोक कुरकुरले, कुरकुर तथागतांच्या कानावर गेली, झाला नियम. "काहीतरी घडलं असणार!" असं म्हणताना त्यांचे डोळे असे चमकतात की बघत राहावं. विहार कसे आले, हे तर मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. भिक्खू भर पावसात गावोगाव फिरायचे. शेतकरी ओरडले, अहो आमच्या रोपांवर पाय देताय, किडामुंगी चिरडताय, पाखरंसुद्धा या दिवसांत घरट्यात बसतात, तुम्हाला काय धाड भरलीय? झाला नियम, की पावसाळ्यात एका जागी बसा. एका जागी बसायचं म्हणून छप्पर आलं, छप्पर आलं म्हणून झाडलोट आली, झाडलोट आली म्हणून पाळ्या आल्या, आणि हळूहळू झाला विहार.

"म्हणजे विहार कुणामुळे झाले? शेतकऱ्यांच्या तक्रारीमुळे!" काका मांडीवर थाप मारून म्हणतात. "ताई, तक्रारीला कमी समजू नका."

या एका वाक्यामुळे आमचे सेक्रेटरी सावंत त्यांना टरकून असायचे.

सोसायटीच्या फलकावरची नियमावली आपण कुणी वाचत नाही. काकांनी ती वाचली, आणि वाचून त्यांना जे काही झालं ते सांगता सोय नाही. 'लिफ्टमध्ये मासळीची पिशवी उघडू नये.' 'गच्चीत जिवंत कोंबडी ठेवू नये.' 'पार्किंगमध्ये गाडी धुताना मोठ्याने गाऊ नये.' काका फलकासमोर उभे राहून हसत होते. काहीतरी घडलं असणार! मग ते मजल्यामजल्यावर फिरून चौकशी करू लागले. कोंबडी कुणाची, तिचं पुढे काय झालं, मासळीच्या पिशवीत नेमकं काय होतं. कोळंबी होती आणि ती सावंतांची होती, हे बाहेर आलं तेव्हा सावंतांनी आठवडाभर लिफ्ट वापरली नाही. गाडी धुताना गाणारा माझाच नवरा निघाला. काका आमच्याकडे येऊन बसले आणि सुहासला आदराने विचारू लागले, "गाणं कोणतं होतं?"

"त्याचा काय संबंध, काका?" सुहास लाजून म्हणाला.

"अहो, असं कसं? तुम्ही नियमाचं मूळ आहात. उद्या आम्ही नसू, नियम राहील, आणि लोक विचारतील."

सुहासला आयुष्यात इतका मान कुणी दिला नव्हता. त्याने गाणं म्हणूनसुद्धा दाखवलं. ते ऐकल्यावर नियम रास्त आहे असं काकांचं मत पडलं.

रविवारच्या सरावाचेही नियम आहेत. वरच्या मजल्यापासून सुरुवात, आणि एकही दार वगळायचं नाही. का? तर पूर्वी काही भिक्खू बरी घरं बघून जायचे आणि गरिबाचं दार टाळायचे. काहीतरी घडलं! त्यामुळे काका कुलूप लावलेल्या फ्लॅटसमोरही तेवढाच वेळ उभे राहतात. भाड्याने द्यायचा म्हणून सहा महिने रिकामा पडलेल्या फ्लॅटसमोरसुद्धा. मागायचं नाही, पदार्थाचं नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, आणि पडेल ते सगळं एकाच वाडग्यात. वरच्या मजल्यावरच्या इडलीवर पाचव्या मजल्याचं सांबार पडतं इथपर्यंत ठीक असतं. पुढे माझे पोहे, तिसऱ्या मजल्याचा ढोकळा आणि सावंतांच्या घरचं सुक्या मासळीचं कालवण, हे सगळं त्याच वाडग्यात नांदायला येतं. सुरुवातीला लोक हसायचे. आता रविवारी सकाळी बायका मुद्दाम काहीतरी करतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर खबर फिरते, 'काका चौथ्यावर पोचले. शिरा संपवू नका.'

आणि हे सगळं बाराच्या आत पोटात गेलं पाहिजे. बारा वाजले की दुसऱ्या दिवसापर्यंत घन पदार्थ बंद. एका रविवारी पावणेबाराला काका वाडगं घेऊन लिफ्टमध्ये शिरले, मी शिरले, सावंतही शिरले, आणि दोन मजल्यांच्या मधोमध लाइट गेली. मी मोबाइलचा टॉर्च लावला. सावंत बेल बडवू लागले. काका घड्याळाकडे बघत होते.

"सावंत, बसा," काका म्हणाले.

"अहो बसा काय? जीव घुसमटतोय माझा!"

"उभ्याने जेवता येत नाही. तुम्ही उभे राहिलात तर मला तुमच्या पायांकडे बघत जेवावं लागेल."

तर आम्ही तिघं लिफ्टच्या जमिनीवर मांडी घालून बसलो. काकांनी आधी स्वतः एक घास घेतला आणि मग वाडग्याच्या झाकणात आम्हाला दोघांना वाढलं. एकट्याने खायचं नसतं म्हणे. सावंत आधी घाम पुसत होते, मग त्यांनी एक घास घेतला, मग म्हणाले, "हे कालवण कुणाकडचं?" त्यांच्याच घरचं होतं. "आमच्याकडे असं लागत नाही हो," सावंत म्हणाले, आणि लाइट आली तरी आम्ही झाकण पुसून खात बसलो होतो. त्या दिवसापासून सावंतांनी काकांची बाजू घेतली ती घेतलीच.

चीवराचं प्रकरण मात्र त्यांनाही जड गेलं. भिक्खूंचं वस्त्र पूर्वी टाकून दिलेल्या चिंध्यांचं शिवत. त्याच्या तुकड्यांची रचना भाताच्या शेतासारखी, मधे बांध घातलेली. हे वाचलं आणि काकांच्या अंगात कोकण संचारलं. त्यांनी सोसायटीभर फिरून जुने पडदे, चादरी, उशांचे अभ्रे गोळा केले, मशीनवर बसून वाफे आणि बांध पाडले, आणि फणसाचं लाकूड उकळून त्याच्या रंगात ते सगळं बुडवलं. गच्चीत वाळत घातलं. शेजारी सावंतांचे पांढरे शर्ट होते. वारा सुटला. सावंत नंतरचे दोन महिने ऑफिसला फिकट केशरी शर्ट घालून गेले, आणि फलकावर नवा नियम आला. काका तो वाचून धन्य झाले. या नियमाचं मूळ ते स्वतः होते.

आता आजींबद्दल.

काकांची आई नव्वदीच्या आसपास आहे. खाटेवर बसून असते, कान तिखट, जीभ त्याहून. रविवारी काका वाडगं घेऊन घरी आले की आधी ते आजींच्या पुढे धरतात. भिक्खूने स्वतः खाण्याआधी मिळालेलं अन्न दुसऱ्याला द्यायचं नसतं, पण आईवडिलांना चालतं, तशी सवलत आहे. आजी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतात. वडे त्या वेचून काढतात, ढोकळ्याला हात लावत नाहीत, आणि माझ्या पोह्यांबद्दल म्हणतात, "ही सोलापूरची मीठ इसरून आली काय?" हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. पोहे बरे होईपर्यंत तीन वर्षं गेली.

काकांना खरोखरीच भिक्खू व्हायचं होतं. जासईच्या पुढे कंटेनर यार्डांच्या मागे एक लहानसा विहार आहे. दर उन्हाळ्यात काका तिथे दहा दिवस श्रामणेर होऊन राहतात, म्हणजे डोकं भादरून, चीवर नेसून, भिक्खूंसारखं. अकराव्या दिवशी चीवर उतरवून परत शर्ट-पँट. परत येतात तेव्हा तिथल्या कंटेनरच्या धुळीने खोकत असतात, पण चेहरा असा की माहेरी राहून आलेत. तिथले भंतेजी त्यांना दर वर्षी म्हणायचे, गमरे, तुमची तयारी आहे, कायमचे या. काका म्हणायचे, आईला विचारतो.

कारण तोही नियम आहे. आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाला संघात घेत नाहीत. या नियमाची गोष्ट सांगताना मात्र काका मांडीवर थाप मारत नाहीत. तथागतांच्या म्हाताऱ्या वडिलांनी हा नियम मागून घेतला. आधी मुलगा घर सोडून गेला, मग दुसरा गेला, मग एक दिवस लहानगा नातूही गेला. म्हातारा मुलासमोर येऊन म्हणाला, झालं ते झालं, पण इथून पुढे कुणाच्या घरातलं पोर नेण्याआधी त्याच्या आईबापाला विचारत जा. फार लागतं ते. "आणि तथागतांनी मान्य केलं," काका सांगतात. "लगेच."

तर साठी उलटलेले गमरेकाका दर वर्षी वैशाखाच्या तोंडाशी आपल्या आईच्या खाटेपुढे उकिडवे बसून, हात जोडून विचारायचे, "आये, मी जाऊ का?" आणि आजी दर वर्षी नको म्हणायच्या. कारणं एकेक ऐकण्यासारखी. एकदा म्हणाल्या, "पापड वालत घातलेत, कावळे कोन हाकलंल?" एकदा म्हणाल्या, "त्या रंगात तू काळा दिसतोस." एकदा नुसतंच, "गॅस संपाया आलाय." काका तोंड पाडून आमच्याकडे यायचे. "यंदाही नाही, ताई." मी हळहळायचे. कोपरखैरण्याला राहणारी त्यांची बहीण सुलभाताई आईला सांभाळायला कधीची तयार होती, मग म्हातारीचं अडलंय काय, असं मला वाटायचं. फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. त्याच संध्याकाळी काका पाव किलो जिलबी आणायचे आणि जिन्यात शीळ घालत चढायचे. मी म्हणायचे, बिचारे दुःख गोड करून घेतात.

यंदा एक दिवस भर दुपारी आमची बेल वाजली. काका दारात, अनवाणी.

"ताई, आई जा म्हणाली."

"काय सांगता! अभिनंदन!" मी ओरडलेच. धावत जाऊन साखर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. काका त्या साखरेकडे बघत राहिले.

"हो ना," ते म्हणाले. "झालं एकदाचं."

मग आमच्या सोसायटीने जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. निरोप समारंभ ठरला. भिक्खू व्हायला निघालेल्या माणसाला भेट काय द्यायची, यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या. कारण त्याच्याजवळ वस्त्रं, वाडगं, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं याखेरीज फारसं काही चालत नाही. कुणी थर्मास म्हणालं, कुणी मसाजची खुर्ची म्हणालं. शेवटी सगळ्यांनी मिळून एक सुई दिली, डबीत घालून, वर रिबन बांधून. सावंतांनी भाषण लिहिलं. सुलभाताई मोठी बॅग घेऊन राहायला आल्या. सुहासने काकांना जासईला सोडायचं म्हणून गाडी धुतली, आणि त्या दिवशी त्याला गायची परवानगी देण्यात आली.

निघायच्या सकाळी सगळी इमारत खाली जमली. काका आदल्या दिवशीच सलूनमध्ये जाऊन डोकं भादरून आले होते. उन्हात ते नवं डोकं लखलखत होतं. सावंत "जय भीम, गमरे" म्हणून जे गहिवरले ते भाषणातलं एक वाक्यही त्यांना वाचता येईना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका गाडीत बसले. सुहासने गाडी चालू केली. काका उतरले.

"संघात कुठलीही महत्त्वाची गोष्ट तीनदा विचारतात," ते म्हणाले. "मी एकदाच विचारलंय. विचारून येतो."

ते वर गेले आणि थोड्या वेळाने खाली आले. "जा म्हणाली," असं सांगून गाडीत बसले. गाडी गेटपर्यंत गेली आणि थांबली. काका पुन्हा उतरले. "हे दुसरं झालं," ते म्हणाले. "अजून एक राहिलं." आमच्याकडे येऊन त्यांनी मला हाक मारली. "ताई, तुम्ही चला. साक्षीला कुणी असलेलं बरं."

लिफ्टमध्ये ते दाराकडे तोंड करून मजल्यांचे आकडे मोजत उभे राहिले.

आजी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुलभाताई शेजारी बॅगेतले कपडे कपाटात लावत होत्या. काका खाटेपुढे उकिडवे बसले, हात जोडले. ती भादरलेली टाळू मला मागून दिसत होती. मानेवर सलूनवाल्याने थोडे केस ठेवले होते.

"आये, मी जाऊ का?"

आजी गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर कुणी काही बोललं नाही तर ती संमती धरतात, हे काकांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे संमती मिळाली होती. काकांनी उठायला हवं होतं. ते उठले नाहीत. ते तसेच हात जोडून आईच्या तोंडाकडे बघत बसले. सुलभाताईंच्या हातात साडीची घडी तशीच राहिली. मला वाटलं, आता कुणीतरी बोला, नाहीतर मीच बोलेन.

"नको," आजी म्हणाल्या.

"का?"

"का म्हंजे? मी नको बोलते."

गमरेकाका इतक्या झटकन उठले की साठीच्या माणसाने तसं उठू नये. ते धावत गॅलरीत गेले, कठड्यावरून वाकले आणि खाली जमलेल्या सगळ्या सोसायटीला ओरडून म्हणाले, "आई नको म्हणाली!"

खाली एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग सावंतांनी भाषणाचा कागद हवेत भिरकावला, आणि लोक जे हसायला लागले, टाळ्या वाजवायला लागले, की वॉचमन धावत आला. सुलभाताई बॅगेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी सुट्टी टाकलीय हो पंधरा दिवसांची!" काका गॅलरीतून आत आले. डोळे पुसत होते आणि हसत होते. "सगळ्यांना वर बोलवा, चहा टाकतो," असं म्हणून ते स्वयंपाकघरात पळाले. सुलभाताई बडबडत कप मोजायला त्यांच्यामागे गेल्या.

मी निघणार तेवढ्यात आजींनी माझा पदर धरला. "दार लोट," त्या म्हणाल्या. "आनि बस."

मी खाटेवर बसले.

"आजी, नकोच म्हणायचं होतं तर आधी जा कशाला म्हणालात?"

"आज मी हाय," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर ह्यो कोनाला इचारंल? म्हटलं, मी जित्ती हाय तवर जाऊ दे. माज्या नकोची सवय तुटू दे. पन तिसऱ्यांदा आला नि असा पुढ्यात बसला. माज्यानं नाय झालं."

"म्हणजे काकांना भिक्खू व्हायचंच नाहीये का?"

"व्हायचं हाय की! लय व्हायचं हाय. लबाड नाय तो." आजी माझ्यावरच रागावल्या. "पन जा बोलनारे ढीग असतात. तू बी साकर घेऊन धावलीस. त्याला जगात एक तरी नको बोलनारं मानूस पायजे. बायको नाय, पोर नाय. नको बोलाया कोन हाय त्याला? मीच ना?"

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं मी ती जिलबी बघत होते आणि मला कळलं नव्हतं. नको म्हणणारं कुणी असणं म्हणजे काय, हे माझ्यासारख्या भरल्या घरातल्या बाईला कसं कळणार? मला दिवसभर कुणी ना कुणी नकोच म्हणत असतं.

"मी गेल्यावर तू बोलशील?" आजींनी विचारलं.

"काय?"

"नको. आनि काय?"

"बोलेन, आजी."

"बोलून दाखव."

मी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काका, नका ना जाऊ."

"ही काय हळदीकुंकवाची बोलावनी हाय?" आजी खेकसल्या. "असं बोललीस तर जाईल तो. घशातून बोल."

"काका, जाऊ नका!"

"कारन सांग. कारन नसंल तर तो बसंल नियम धुंडत. कायबी सांग, पन घरातलं सांग."

डोळे भरले होते, नाक वाहत होतं, खाली लोक लिफ्टसाठी गर्दी करत होते ते ऐकू येत होतं. आणि मी जी ओरडले ती अशी ओरडले की सुहासवरसुद्धा मी कधी तशी ओरडलेली नाही.

"काका, कुठ्ठे जायचं नाही! उद्या मी वरणफळं करतेय, ती कोण खाणार?"

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला.

"बरं!" आतून काकांचं उत्तर आलं. "नाही जात!"

आजींनी माझा पदर सोडला आणि भिंतीला मान टेकली. "जमलं तुला," त्या म्हणाल्या. "आनि उंद्या खरंच कर वरनफळं. मीठ बघून घाल."